समुद्रात फेकलेले बॉम्ब पाण्यात आपोआप ‘विरघळून’ जातात का?

आरडीएक्स हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर ते उतरवलं गेलं आणि १२ मार्चला मुंबईत काय झालं, हे त्यानंतर जन्मलेल्या माझ्या पिढीलाही माहीत आहे. पण समजा, हेच आरडीएक्स कधी फुटलंच नाही. ते समुद्राच्या तळाशी पडून राहिलं. दहा वर्षं, पन्नास वर्षं, ऐंशी वर्षं. मग त्याचं काय होतं?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. जर्मनीच्या ताब्यातल्या समुद्रात आज अंदाजे १६ लाख टन जुना दारूगोळा पडलेला आहे. त्यातला साधारण १३ लाख टन उत्तर समुद्रात आणि ३ लाख टन बाल्टिक समुद्रात. तो उचलण्यासाठी जर्मन सरकारने १० कोटी युरोंचा कार्यक्रम हाती घेतलाय आणि २०२४ मध्ये ल्यूबेकच्या उपसागरात प्रत्यक्ष कामाची चाचणीही झाली. या बातम्यांचे व्हिडीओ सोशल मीडियावर फिरले की खाली एक कॉमेंट हमखास दिसते: ऐंशी वर्षं झाली, समुद्र एवढा मोठा, आत्तापर्यंत सगळं विरघळून गेलं असेल, मग एवढा खर्च कशाला?

ही कॉमेंट पूर्ण चुकीची असती तर काम सोपं होतं. ती अर्धी बरोबर आहे. समुद्र खरंच स्फोटकं मोडून काढतो, आणि त्यावर बरंच संशोधन झालेलं आहे. गडबड ‘आत्तापर्यंत’ या शब्दात आहे.

हे तिथे आलं कुठून?

१९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीत प्रचंड दारूगोळा शिल्लक होता. तो दोस्त राष्ट्रांना लवकरात लवकर संपवायचा होता. जमिनीवर एकेक बॉम्ब निकामी करत बसायला ना माणसं होती ना वेळ. म्हणून जहाजं आणि मच्छीमार बोटी भाड्याने घेतल्या आणि पाणसुरुंग, टॉर्पेडो, तोफगोळे, पेट्याच्या पेट्या समुद्रात टाकून दिल्या. टाकण्याच्या जागा ठरवून दिल्या होत्या. पण ठरलेल्या जागेपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे वेळ आणि इंधन. अनेक बोटींनी वाटेतच माल सोडला. त्यामुळे आज नकाशावर दाखवलेल्या जागांच्या बाहेरही दारूगोळा सापडतो.

कील शहराजवळची कोल्बर्गर हाइडं ही अशीच एक जागा. किनाऱ्यापासून जवळ, उथळ पाणी, उन्हाळ्यात शिडाच्या होड्या फिरतात असा भाग. खाली पाणसुरुंग आणि टॉर्पेडोंची तोंडं पडलेली. काहींचं लोखंडी कवच गंजून गेलंय आणि आतलं स्फोटक उघडं पडलंय.

समुद्र नेमकं करतो काय?

टीएनटी घ्या, कारण सगळ्यात जास्त अभ्यास त्याचाच झालाय. कार्बनचं एक षटकोनी कडं, आणि त्याला लटकलेले तीन नायट्रो गट, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोड्या. स्फोटाची ताकद येते ती या नायट्रो गटांमुळे. आणि समुद्रातले जीवाणू सगळ्यात आधी हात घालतात तेही यांनाच.

पहिली पायरी अशी: जीवाणू, किंवा गाळातली लोह आणि गंधकाची संयुगं, एका नायट्रो गटातला ऑक्सिजन काढून घेतात आणि त्याचा अमिनो गट होतो. तयार झालेल्या रेणूला शास्त्रज्ञ एडीएनटी म्हणतात. हा रेणू आता टीएनटीसारखा स्फोटक राहिलेला नसतो. गाळात ऑक्सिजन फारच कमी असेल तर दुसरा आणि तिसरा गटही असाच बदलतो. या बदलत्या अवस्थांमधले रेणू चिकट स्वभावाचे असतात. गाळातल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांशी ते पक्के जोडले जातात आणि मग सहज सुटत नाहीत. टीएनटी नाहीसं होतं असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. ते गाळात कोंडलं गेलेलं असतं.

पूर्ण मोडणंही होतं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपर्यंत. अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हे तपासायला एक साधी युक्ती वापरली. टीएनटीच्या रेणूत किरणोत्सारी कार्बन घातला, तो खाड्या आणि बंदरांमधल्या गाळाच्या नमुन्यांत मिसळला आणि बाहेर पडणाऱ्या वायूत तो कार्बन सापडतो का ते पाहिलं. सापडला. म्हणजे किनाऱ्यालगतच्या गाळात आधीपासून राहणारे जीवाणू, बाहेरून काही न सोडता, टीएनटी मोडू शकतात. याचं एक स्पष्टीकरण मला आवडतं. नद्या जमिनीवरून पानं, लाकूड, माती वाहून आणतात. लाकडातही अशीच कार्बनची कडी असतात. ती फोडून खाण्याची सवय असलेल्या जीवाणूंना टीएनटीचं कडं अगदीच परकं वाटत नाही.

आरडीएक्सची गोष्ट वेगळी आहे. ते गाळाला फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर लांब जातं. भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ते बराच काळ टिकून राहतं. पण ऑक्सिजन नसलेल्या काळ्या चिखलात शिरलं की त्याचं कडंच फुटतं आणि नायट्रोजन वायू, नायट्रस ऑक्साइड असे छोटे तुकडे बाहेर पडतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी खूण केलेला नायट्रोजन वापरून हा प्रवास मोजला. टीएनटीचा नायट्रोजन गाळात अडकून बसतो, आरडीएक्सचा बराचसा वायू होऊन निघून जातो, असा मोठा फरक त्यांना दिसला. बारीक चिखल आणि खारफुटीसारख्या दलदली यात वाळूपेक्षा कितीतरी कामाच्या.

तिसरा कामगार म्हणजे सूर्यप्रकाश. टीएनटी मिसळलेलं पाणी उन्हात ठेवलं की गुलाबी होतं. दारूगोळा कारखान्यांच्या सांडपाण्याला जगभर ‘गुलाबी पाणी’ म्हणतात ते याचमुळे. पृष्ठभागाजवळ ऊन टीएनटीला काही तासांत, फार तर काही दिवसांत मोडून टाकतं. पण बॉम्ब पृष्ठभागावर तरंगत नाहीत. बाल्टिकच्या गढूळ, हिरवट पाण्यात तळापर्यंत पोचणारा उजेड किती असणार?

मग अडलं कुठे?

वर जे काही सांगितलं ते सगळं विरघळलेल्या स्फोटकाला लागू होतं. एकेक सुटा रेणू, पाण्यात किंवा चिखलात. जीवाणू ढेकळाला खाऊ शकत नाहीत.

आणि स्फोटक विरघळतं फार सावकाश. टीएनटी लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं, आरडीएक्स त्याच्या निम्म्याच्या घरात. तेही साधारण २० अंश तापमानाला. बाल्टिकच्या तळाशी पाणी त्याहून बरंच थंड असतं. शिवाय बहुतेक दारूगोळा अजून लोखंडी कवचात बंद आहे. एक पाणसुरुंग म्हणजे काही शे किलो स्फोटक. बाहेर जीवाणूंची पंगत बसली आहे, पण वाढप्या तासाला एक शीत वाढतोय असं समजा.

म्हणून ऐंशी वर्षं हा आकडा फसवा आहे. समुद्राचं घड्याळ १९४५ ला सुरू झालेलं नाही. ते प्रत्येक बॉम्बसाठी वेगळ्या दिवशी सुरू होतं, त्याचं कवच गंजून पहिलं भोक पडतं त्या दिवशी. कुठे पातळ पत्र्याचं कवच केव्हाच गेलं, कुठे जाड पोलाद अजून शाबूत आहे. याचा अर्थ असाही की गळतीचा मोठा भाग अजून व्हायचा आहे.

कील इथल्या गेओमार या समुद्रसंशोधन संस्थेने नैऋत्य बाल्टिकमधून पाण्याचे शेकडो नमुने गोळा केले. जवळजवळ प्रत्येक नमुन्यात दारूगोळ्यातली रसायनं निघाली. त्यांच्या हिशेबाने त्या भागातल्या पाण्यात अशी सुमारे ३००० किलो रसायनं विरघळलेली आहेत. आता हा आकडा घेऊन घाबरवणारं थंबनेल बनवता येईल, पण थांबा. एवढ्या मोठ्या समुद्रात ३००० किलो म्हणजे बहुतेक ठिकाणी अतिशय कमी प्रमाण. आणि तळाशी पडलेल्या ३ लाख टनांच्या तुलनेत तर काहीच नाही. माझ्या मते महत्त्वाचं हेच आहे. आज पाण्यात जे दिसतंय ती सुरुवात आहे, आणि नैसर्गिक विघटन सुरू असूनही ते शून्यावर आलेलं नाही.

एकाच जागी ९० हजार पट फरक

२०२५ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला आणि तो जगभर गाजला, अर्थात वेगळ्या कारणासाठी. ल्यूबेकच्या उपसागरात पाण्याखालचा कॅमेरा सोडल्यावर त्यांना जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बॉम्बचे गंजलेले स्फोटकाग्र सापडले. त्यांच्यावर जीवसृष्टी खच्चून भरलेली. समुद्रफुलं, तारामासे, नळीत राहणारे किडे, खेकडे, मासे. एक चौरस मीटर दारूगोळ्यावर सरासरी ४३ हजार जीव. शेजारच्या साध्या गाळावर हाच आकडा सुमारे ८२०० होता. उघड्या पडलेल्या टीएनटीच्या एका ढेकळावर ४० हून जास्त तारामासे बसलेले.

हे फोटो व्हायरल झाले, आणि ‘बघा, निसर्गाला काही त्रास नाही’ असा अर्थही लगेच काढला गेला. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा फिरला नाही. त्या जागेवरच्या पाण्यात स्फोटकांचं प्रमाण लिटरमागे ३० नॅनोग्रॅमपासून २.७ मिलिग्रॅमपर्यंत बदलत होतं. म्हणजे एकाच ढिगाऱ्यात जवळपास ९० हजार पट फरक. वरच्या टोकाचं प्रमाण समुद्री जीवांसाठी विषारी ठरू शकेल असं आहे. मग प्राणी तिथे का? कारण त्या भागात चिकटून बसायला दुसरा टणक पृष्ठभागच फारसा नाही. जुन्या काळी तळावर मोठमोठे दगड होते, ते बांधकामासाठी काढून नेले गेले. बहुतेक प्राणी लोखंडी कवचावर होते, उघड्या स्फोटकावर त्या मानाने कमी. त्यांना बॉम्ब आवडतो म्हणून ते तिथे नाहीत. घर मिळत नाही म्हणून आहेत. मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

‘मोडलं’ म्हणजे ‘संपलं’ नाही

टीएनटीचं एडीएनटी झालं की ते फुटत नाही, हे खरं. पण विषारीपणाचं काय? झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर जर्मन शास्त्रज्ञांनी हे तपासलं. जीव घेण्याच्या बाबतीत टीएनटी पुढे होतं, एडीएनटी त्यामानाने सौम्य. पण पेशींमधल्या डीएनएला इजा करण्याचं काम दोघांनीही केलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने टीएनटीला माणसात कॅन्सर घडवू शकणाऱ्या संभाव्य पदार्थांच्या यादीत ठेवलं आहे.

त्यामुळे नुसतं टीएनटी मोजलं आणि ‘प्रमाण घटलं’ असं जाहीर केलं तर ते दिशाभूल करणारं ठरू शकतं. कुठलीही बातमी वाचताना हा प्रश्न विचारा: कमी झालं ते गेलं कुठे? वायू होऊन गेलं, गाळात कोंडलं, की नाव बदलून तिथेच आहे?

कील विद्यापीठातले विषशास्त्रज्ञ एडमंड मासर यांच्या गटाने कोल्बर्गर हाइडंमध्ये जाळीच्या पिशव्यांतून जिवंत शिंपले टांगले. हे निळे शिंपले म्हणजे गोव्यात आपण ज्यांना शिणाणे म्हणतो त्यांचे युरोपातले भाऊबंद. पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातलं काय शरीरात उतरतं ते दाखवायला उत्तम. बंद पाणसुरुंगांच्या ढिगाशेजारी ठेवलेल्या शिंपल्यांमध्ये एडीएनटी थोडं आलं. पण ज्या ठिकाणी पूर्वी सुरुंग जागेवरच उडवले होते आणि स्फोटकाची ढेकळं विखुरली होती, तिथल्या शिंपल्यांमध्ये टीएनटी आणि एडीएनटी दोन्ही कितीतरी पटींनी जास्त निघालं.

माशांचंही तेच. डॅब हा आपल्या लेपासारखा चपटा, तळाला चिकटून राहणारा मासा. कोल्बर्गर हाइडंमध्ये पकडलेल्या डॅबपैकी सुमारे २५ टक्के माशांच्या यकृतात गाठी सापडल्या. तुलनेसाठी घेतलेल्या इतर भागांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं. नंतर याच भागातल्या माशांच्या पित्तात टीएनटीची विघटित रूपं मिळाली. गाठी टीएनटीमुळेच झाल्या हे यातून शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण संशयित घटनास्थळीच सापडलाय, एवढं नक्की म्हणता येतं. तिथला मासा खाणाऱ्यांना आज थेट धोका आहे असं संशोधक म्हणत नाहीत. त्यांची चिंता कवचं गंजत जातील तसं काय होईल याची आहे.

उडवून का देत नाहीत?

हा प्रश्न साहजिक आहे. अनेक वर्षं तेच केलं गेलं, कारण ते स्वस्त आणि वेगवान होतं. पण शिंपल्यांच्या प्रयोगाने त्यातली मोठी चूक उघड केली. पाण्याखाली सगळं स्फोटक पेटेलच असं नसतं. जे उरतं ते आता कवचात नसतं. ढेकळं आणि भुकटी होऊन पसरतं, आणि वर सांगितलेलं घड्याळ एकदम पळायला लागतं. मासर यांच्या गटाच्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘स्फोट करू नका’ अशी थेट सूचना आहे.

दुसरी किंमत आवाजाची. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीजवळच्या फेमार्न पट्ट्यात ४२ जुने ब्रिटिश पाणसुरुंग उडवण्यात आले. त्यानंतरच्या काळात किनाऱ्यावर हार्बर पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनच्या कुळाजवळचे छोटे सस्तन प्राणी, मेलेले सापडले. तपासणीत त्यांतल्या अनेकांच्या कानात स्फोटाच्या दाबाने झालेल्या इजा दिसल्या.

गरम समुद्रात काही वेगळं होतं का?

बाल्टिक थंड आहे, जवळपास बंदिस्त आहे. कॅरिबियनमधलं व्हिएकेस हे पोर्तो रिकोचं बेट अगदी उलट. अमेरिकन नौदलाने तिथे अनेक दशकं बॉम्बफेकीचा सराव केला, तो लोकांच्या आंदोलनानंतर २००३ मध्ये बंद झाला. तिथल्या पाण्यात मोजणी केली तेव्हा बहुतेक ठिकाणी स्फोटकांचं प्रमाण अत्यंत कमी निघालं किंवा सापडलंच नाही. भोक पडलेल्या बॉम्बच्या अगदी शेजारी मात्र ते ठळकपणे वाढलेलं होतं. गरम पाण्यात जीवाणू जोमाने काम करतात, ऊन खोलवर जातं, लाटा मिसळून टाकतात. पण गरम पाण्यात स्फोटक विरघळतंही जलद आणि लोखंड गंजतंही जलद. म्हणजे नळ मोठा आणि मोरीही मोठी.

मग मुंबईचं काय, असं वाटणं स्वाभाविक आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं, तेव्हा त्याच्यावर कापसाच्या गाठी, सोनं आणि सुमारे १४०० टन स्फोटकं होती. त्या दिवशी गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. पण मुंबईची तुलना कीलशी करणं चुकीचं आहे. इथे माल समुद्रात साठवला नव्हता, तो दोन प्रचंड स्फोटांत आणि आगीत गेला. फरक समजून घ्यायला हे उदाहरण चांगलं आहे. फुटलेला बॉम्ब एका दिवसात संहार करतो, न फुटलेला पिढ्यान् पिढ्या झिरपत राहतो.

आता जर्मनीत काय चाललंय?

ल्यूबेकच्या उपसागरात २०२४ च्या चाचणीत पाणबुडे आणि रोबो वापरून दारूगोळा तळावरून उचलला गेला, प्रकारानुसार वेगळा केला गेला आणि पाण्याखालीच पिंजऱ्यांमध्ये ठेवला गेला. पुढची योजना समुद्रावर तरंगणाऱ्या प्लॅटफॉर्मची आहे, जिथे स्फोटक वेगळं काढून जाळता येईल, म्हणजे बॉम्ब बंदरात आणायची गरज पडणार नाही. १० कोटी युरो मोठी रक्कम वाटते, पण १६ लाख टनांपुढे ती फक्त शिकण्यापुरती आहे. सगळं उचलायला अनेक दशकं लागतील. त्यामुळे खरा निर्णय क्रमाचा आहे: कुठलं कवच आधी फुटणार, कुठे मासेमारी जास्त, कुठे स्फोटक आधीच उघडं पडलंय. पवनचक्क्या आणि समुद्री केबलसाठीही तळ मोकळा हवाय, म्हणून पैशाचा जोर कधीकधी दुसऱ्याच जागांकडे असतो.

निसर्गाचं काम या सगळ्यात संपत नाही. ढेकळं उचलली तरी आसपासच्या गाळात मुरलेलं आणि पाण्यात सुटलेलं स्फोटक यंत्राने काढता येत नाही. ते जीवाणूंनाच करावं लागणार आहे, आणि तेवढं त्यांच्या आवाक्यातलं आहे. आणि ते ४३ हजार भाडेकरू? व्ही-१ बॉम्बवरच्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सुचवलंय की दारूगोळा हलवला की त्या जागी काँक्रीटसारख्या निर्धोक वस्तूंचे ढाचे ठेवावेत, म्हणजे त्यांना बसायला जागा राहील.